मागाखालची जमीन

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागते. गावाचे नाव ऐकून कुंभारांची आठवण व्हावी, परंतु आज तेथे आपल्या विणकर व विडी कामगार बंधुभगिनींची मोठी वस्ती आहे. २००६ साली गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाने महिला विडी कामगारांची १०,००० घरे तेथे झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरातील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. पक्के घर मिळाले, ह्याचा आनंद कोणास होणार नाही? तथापि त्या पक्क्या जमिनीवर माग कोठे बसवावा?

आपले पूर्वज तेलंगणातून आले ते खड्डामाग घेऊन, आणि खड्डामाग हा मातीच्या जमिनीचाच होय. विणकर काठावर बसे, पाय खड्ड्यात पावड्यांवर. जमीन खचली तर मुरूम घालून चोपावी, शेणाने सारवावी, की झाले. हे काम बहुधा स्त्रियांच्या हातचे. म्हणूनच की काय, आपल्या इतिहासात त्याची नोंद नाही. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, पुष्कळांनी तेथे चाकरी धरली, तरी घरचा माग सुटला नाही.

काँक्रीटमध्ये मात्र खड्डा खणता येत नाही. तेथे चौकटीचा माग हवा, आणि त्याचे चारही पाय एका पातळीत हवेत. नाहीतर ताणा एका अंगाला सैल पडतो, धोटा भरकटतो, कापडाची कड वाकडी येते. जमिनीवर पाणी ओतले की खळगा कळतो. उंचवटा छिन्नीने काढावा, खळगा वाळू-सिमेंटने भरावा, तो पुरता वाळू द्यावा. एका पायाखाली पाचर ठोकणे हा उतावळ्याचा उपाय. हादऱ्याने ती निसटते. दोन्ही पायांखालून लांब जाड फळी घालावी आणि खालून डांबर लावावे, म्हणजे ओल फळीला लागत नाही. घराची जमीन मोरीकडे किंचित उतरती ठेवण्याची रीत असल्याने ही खटपट चुकत नाही.

हातमाग यंत्रमागाने मारला, असे आपण म्हणतो. ते खरेच, परंतु घराच्या बदललेल्या जमिनीचाही त्यात वाटा आहे, असे आम्हांस वाटते. विडी वळणाऱ्या भगिनीस जमिनीचा उतार बाधत नाही. सूप मांडीवर असते.