प्राणिचिन्हाची निवड : पर्लचा उंट, गोंदियाचा सारस

एखाद्या समुदायाने आपली ओळख म्हणून स्वीकारलेल्या प्राण्यास प्राणिचिन्ह म्हणता येईल. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल ही शासनमान्य चिन्हे होत. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांच्या समुदायांतही ही प्रथा रूढ आहे.

‘पर्ल’ या भाषेवरील १९९१ सालच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर उंट छापला गेला आणि तोच त्या भाषेची खूण ठरला. चित्राचे हक्क मात्र प्रकाशनसंस्थेकडे राहिले. ‘गो’ भाषेसाठी रेने फ्रेंच या चित्रकर्तीने गोफर हा बिळात राहणारा प्राणी रेखाटला. श्रेयनिर्देश करून ते चित्र कोणालाही वापरता येते. ‘पायथन’चे नाव अजगरावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले. बोधचिन्हातील साप नंतरचे. चटकन ओळखू येणारी आकृती, वापराची मोकळीक आणि समुदायाशी असलेले नाते हे निवडीचे निकष यांतून स्पष्ट होतात.

यांपैकी नात्याचा निकष गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत विशेष लागू पडतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख तलाव, धान आणि सारस अशी सांगितली जाते. सुमारे सहा फूट उंचीचा सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच होय. तो जोडीने राहतो, धानाच्या बांधीत किंवा तलावाकाठी घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. घरटे शेतातच असल्याने त्याचे रक्षण शेतकऱ्याच्या हाती असते.

महाराष्ट्रातील सारस प्रामुख्याने याच जिल्ह्यात आढळतात. तथापि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या पन्नाशीही गाठत नाही. विजेच्या तारा, कीटकनाशके आणि तलावांवरील अतिक्रमण ही संकटाची प्रमुख कारणे आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

पर्लचा उंट मुखपृष्ठावर सुरक्षित आहे. जिवंत पक्षी चिन्ह म्हणून निवडणाऱ्या जिल्ह्यावर मात्र त्याचे तलाव आणि बांध्या राखण्याची जबाबदारी येते.