रिकामी लाइन

दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. येताना लॅपटॉपमध्ये ऑफिसही घालून आणलेलं! ओट्यावर बसून तो एक वरखाली होणारी रेघ बघत होता. म्हटलं, "काय रे, कुणाचा ईसीजी?" तर म्हणाला, "आबा, सर्व्हरवर आत्ता किती लोड आहे ते बघतोय. आणि तासाभराने किती असेल त्याचा अंदाज काढतोय."

मंडळी, हा अंदाज काढण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्याचा पाया घालणारा गृहस्थ आमच्यापैकीच, म्हणजे शाळामास्तर होता, हे वाचल्यावर मला कोण आनंद झाला!

आग्नर एर्लांग त्याचं नाव. जन्म १८७८, डेन्मार्कमधला. वडील खेडेगावात मास्तर. याने कोपनहेगनला गणित शिकून काही वर्षं शाळांत शिकवलं आणि १९०८ साली तिथल्या टेलिफोन कंपनीत नोकरी धरली. तिथे प्रश्न असा होता की लाइनी किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक खोळंबतात, जास्त ठेवल्या तर पैसे अडकून पडतात. कोण कधी फोन करील हे सांगता येत नाही, पण पुष्कळ लोकांचं मिळून एक गणित बसतं, हे त्याने १९०९ साली दाखवलं. १९१७ साली त्याची प्रसिद्ध सूत्रं आली.

सवयीप्रमाणे मी वहीत एक उदाहरण सोडवून पाहिलं. समजा तासाला ३० कॉल येतात, प्रत्येक सरासरी ४ मिनिटांचा. म्हणजे एकूण १२० मिनिटं. आपण म्हणू, दोन लाइनी पुरे! पण सूत्र सांगतं की दोनच लाइनी ठेवल्या, तर शंभरातल्या चाळीस जणांना लाइन मिळणार नाही. चार ठेवल्या तर साडेनऊ जणांना, आणि सहा ठेवल्या तर जेमतेम एकाला. कारण माणसं सरासरीने येत नाहीत. कधी कोणीच नसतं, कधी पाच जण एकदम.

आकडेमोड करताना मला १९७४ साल आठवत होतं. वडील अत्यवस्थ होते आणि आक्का नागपूरला. पाचोऱ्याहून सकाळीच ट्रंक कॉल लावला. तेव्हा साध्या कॉलच्या दुप्पट दर दिला की 'अर्जंट', आठपट दिला की 'लाइटनिंग'. मी साधा लावला. औषधांना पैसे लागत होते, आणि दुपारपर्यंत लागेल असं वाटलं. लागला रात्री नऊला. त्या रात्रीची गाडी आक्काला मिळाली नाही. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ऑपरेटरचा काही दोष नव्हता, लाइनीच कमी होत्या. पण 'साधा' हा शब्द माझा होता.

असो.

नातू ज्याला 'क्लाउड' म्हणतो ते काही आभाळात नसतं. मोठमोठ्या इमारतींत भाड्याने मिळणारी यंत्रं असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. लोड वाढला की यंत्रं वाढवायची, उतरला की परत करायची. पण नवं यंत्र कामाला लागायला काही मिनिटं जातात, म्हणून आधी अंदाज हवा. नेटफ्लिक्सच्या लोकांनी २०१३ साली असा अंदाज काढणारी प्रणाली जाहीर केली. प्रेक्षक रोज साधारण त्याच वेळी येतात, हा तिचा आधार.

रोजचं ठीक, पण सगळे एकदम आले तर? एर्लांगने धरलं होतं की प्रत्येक जण आपापल्या कारणाने फोन करतो. क्रिकेटला हे लागू नाही. जुलै २०१९ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. तिथल्या अभियंत्यांनी यंत्रं आधीपासून वाढवून ठेवली होती. धोनी धावबाद झाला आणि लोक निघाले. आता लोड उतरेल असं आपल्याला वाटेल. पण निघणारा माणूस मागे येतो तो मुखपृष्ठावर, त्यामुळे ते दाखवणाऱ्या यंत्रांवर लोड उलट वाढतो! येणाऱ्यांबरोबर जाणाऱ्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. शाळा सुटताना फाटकात काय होतं ते मास्तरांना विचारा.

नातू म्हणाला, "आबा, अंदाज काढता येतो हो. पण साहेब विचारतात, रात्री तीनला एवढी यंत्रं रिकामी कशाला? खर्च दिसतो ना."

मग त्याला वहीतलं गणित दाखवलं, सहा लाइनींचं. सरासरीने त्यातल्या चार रिकाम्याच असतात. आणि आक्काची गोष्टही सांगितली. घरात कधी कुणाला नीटशी सांगितली नव्हती. म्हटलं, तुझ्या त्या रेघेवर रात्री तीनला एखादाच ठिपका असेल, पण तो कोण आहे आणि कशासाठी आलाय हे रेघेवर दिसत नाही. साहेबांना एवढं सांगून बघ.

"सांगतो," म्हणाला. बघू या.