मॅक्‌डॉवेल कौंटीची खानेसुमारी

खानेसुमारी म्हणजे रुक्षपणाचा कळस, असा आपल्याकडील सुशिक्षितांचाहि एक समज आहे. लढायांत व तहांत इतिहास असतो. माणसांचीं डोकीं मोजण्यांत कसला आला आहे इतिहास, असें माझे विद्यार्थी मला पुष्कळदां विचारतात. त्यांना उत्तर म्हणून मी अमेरिकेंतील एका कौंटीचे आंकडे फळ्यावर लिहून दाखवीत असतों. तेच आज वाचकांपुढें ठेवतों.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानाच्या अगदीं दक्षिण टोंकास, अपॅलेशियन डोंगरांच्या घड्यांत, मॅक्‌डॉवेल कौंटी आहे. क्षेत्रफळ सुमारें ५३५ चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढें; मुख्य गांव वेल्च. १८५८ सालीं ही कौंटी निर्माण झाली, तेव्हां तेथें दाट अरण्य व तुरळक झोंपड्या यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. १८८० सालच्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या भरली ३,०७४. पुढचे आंकडे पाहावे: १८९० सालीं ७,३००, १९०० सालीं १८,७४७, १९१० सालीं ४७,८५६, १९२० सालीं ६८,५७१, आणि १९५० सालीं ९८,८८७. सत्तर वर्षांत बत्तीस पट! जमीन तीच, पाऊस तोच; मग हीं माणसें आलीं कोठून, आणि कशासाठीं?

उत्तर जमिनीखालीं होतें. पोकॅहॉन्टस या नांवानें प्रसिद्ध असलेला उत्तम प्रतीचा कोळसा या डोंगरांत थरावर थर पसरला होता. १८८८ सालीं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेनें एल्कहॉर्नचा बोगदा पुरा केला आणि कोळशाला बाहेरची वाट मिळाली. पोलाद करणाऱ्या प्रचंड कंपनीनें गॅरी नांवाचें गांव वसविलें व त्याला आपल्याच अध्यक्षाचें नांव दिलें. इटली व हंगेरीकडून मजूर आले. दक्षिणेकडील कापसाच्या शेतांतून नीग्रो मजूर आले. येथें त्यांना मतदानाचा हक्क होता, आणि त्याचें फळहि दिसलें. १९२८ सालीं मिनी बकिंगहॅम हार्पर या बाई संस्थानच्या कायदेमंडळांत सभासद म्हणून नेमल्या गेल्या. अमेरिकेंतील कोणत्याहि कायदेमंडळांत बसणाऱ्या त्या पहिल्या नीग्रो स्त्री होत. त्याच साली महायुद्धांत लढलेल्या नीग्रो सैनिकांच्या स्मरणार्थ किंबॉल गांवीं एक स्मारकमंदिर उभें राहिलें.

परंतु चित्राला दुसरी बाजूहि होती. घर कंपनीचें, दुकान कंपनीचें, आणि कामगारसंघाचें नांव काढील त्याला दोन्हींतून हांकून देण्याचा अधिकारहि कंपनीचाच. १९२१ च्या १ ऑगस्टला वेल्चच्या न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर, खाणवाल्यांच्या पदरीं असलेल्या खासगी गुप्तहेरांनीं सिड हॅटफील्ड यास गोळ्या घालून ठार मारलें. शेजारच्या मिंगो कौंटींतील पोलीसप्रमुख असून तो कामगारांच्या बाजूनें उभा राहिला होता. १९२० ते १९३० या दहा वर्षांचा आंकडा मात्र चढताच आहे. खानेसुमारीला रक्ताचे डाग दिसत नाहींत.

आतां उतरता जिना पाहूं. १९६० सालीं ७१,३५९. १९७० सालीं ५०,६६६. १९९० सालीं ३५,२३३. २०१० सालीं २२,११३. २०२० सालीं १९,१११. म्हणजे सत्तर वर्षांत पांचांपैकीं चार माणसें नाहींशीं झालीं. येथें साथ आली नाहीं, शत्रूची स्वारी झाली नाहीं. १९५० सालींच कामगारांचे पुढारी जॉन एल्. लुइस यांनीं खाणवाल्यांशीं करार केला. मजुरी वाढली, दवाखान्यांची व वृद्धवेतनाची तरतूद झाली. आणि त्या मोबदल्यांत यंत्रांना खाणींत मोकळा प्रवेश मिळाला. दहा माणसांचें काम यंत्राजवळची दोन माणसें करूं लागलीं. रेल्वेहि कोळसा सोडून तेलाकडे वळली. म्हणजे लोकसंख्येचें शिखर व ऱ्हासाचें बीज हीं दोन्ही एकाच सालचीं! पुढें १९८० नंतर पोलाद कंपनीनेंहि आपल्या खाणी बंद केल्या.

१९६१ च्या मे महिन्यांत अध्यक्ष केनेडी यांच्या सरकारनें गरिबांसाठीं अन्नाच्या तिकिटांची योजना सुरू केली, तिचा प्रारंभ याच कौंटींत झाला. पहिलें कुटुंब पंधरा माणसांचें. तिकिटें पंचाण्णव डॉलरचीं. पहिली खरेदी घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. सबंध देशाच्या पोलादभट्ट्या ज्यांनीं पेटत्या ठेविल्या, त्यांच्या चुलींची ही अवस्था!

सर्वांत बोलका आंकडा आयुर्मर्यादेचा. २०१० च्या सुमारास येथील पुरुषाचें सरासरी आयुष्य ६४ वर्षें भरलें. आणि सुमारें साडेतीनशें मैलांवर, राजधानीस लागून असलेल्या फेअरफॅक्स कौंटींत तें ८२ वर्षें होतें. एकच देश, एकच कायदा, आणि अंतर अठरा वर्षांचें. भारतांतील पुरुषाचें सरासरी आयुष्यहि त्या वेळीं साधारण चौसष्ट-पासष्ट वर्षांचेंच होतें, हें आपण ध्यानांत ठेवावें. कोळशाच्या धुळीनें पोखरलेलीं फुप्फुसें, बेकारी आणि वेदनाशामक औषधांचें व्यसन हीं त्याचीं ठळक कारणें.

येथें एक सावधगिरी हवी. या आंकड्यांवरून येथील लोकच आळशी वा दुर्गुणी, असा निर्णय देणारे पंडित कमी नाहींत. पण जो तरुण व धडधाकट तो ओहायोकडे किंवा मिशिगनकडे निघून गेला. त्याचें पुढचें आयुष्य तिकडच्या रकान्यांत जमा झालें. मागें राहिले ते म्हातारे, आजारी, आणि आईबापांना सोडवेना असे. शिवाय डोंगरांची मालकी बव्हंशीं बाहेरच्या कंपन्यांची असल्यामुळें कोळशाबरोबर नफाहि गाडींत बसून गेला. माणूस कोठें राहतो हें खानेसुमारी विचारते. त्याच्या श्रमाचें मोल कोठें राहतें, हें ती विचारीत नाहीं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतों, कीं आंकड्यांना खोटें म्हणूं नका आणि त्यांना पुरेंहि समजूं नका. ३,०७४ पासून ९८,८८७ पर्यंत व तेथून १९,१११ पर्यंत, हा एक खरा इतिहास आहे. परंतु ही वहीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू शोधून तिच्याशीं हा हिशेब ताडून पाहणें, हेंच इतिहासाच्या अभ्यासकाचें काम होय.