दार नसलेले घर
सुरत म्हटले की आपल्याला १६६४ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. पोटासाठी गाव सोडून खानदेशातून सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या उसाच्या फडांवर जाणारी माणसे आठवत नाहीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अशी त्यांची गणती. कारखान्याच्या दप्तरात उसाचे वजन सापडते. चूल, झोळी, हंडा सापडत नाही. म्हणूनच यान ब्रेमन आणि अरविंद दास यांच्या २००० सालच्या ग्रंथातील, रवि अग्रवाल यांनी टिपलेली दक्षिण गुजरातेतील स्थलांतरित श्रमिकांची छायाचित्रे मी इतिहासाचे साधन मानतो. २००२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनातही ती मांडली गेली. मात्र, श्रोतेहो, पाचटाच्या कोपीला दार नसते. कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला ‘थांबा’ म्हणण्यास त्या माउलीला उंबरठा तरी कोठे होता?