चरबीची गाठ आणि नावांची गफलत



संशोधनाचा विषय शोधताना ‘हे तर आपल्या जुन्या ग्रंथांत आधीच लिहिलंय’ असं वाक्य तुम्हाला कधी ना कधी भेटणारच. त्याचं काय करायचं, हे आज चरबीच्या गाठीच्या, म्हणजे लिपोमाच्या उदाहरणावरून बघू.

माझ्या मावशीच्या दंडावर अशी गाठ आहे. मऊ, न दुखणारी, बोटाने ढकलली की सरकणारी. “वजन उतरव, गाठ आपोआप जिरेल,” असं तिला सगळे सांगायचे. तिने खरंच वजन उतरवलं. दंड बारीक झाला आणि गाठ उलट जास्तच उठून दिसायला लागली. घाबरलीच ती! पण लिपोमाचं वागणंच असं: बाकीची चरबी खर्च होते, गाठीतली सहसा होत नाही.

आता सुश्रुतसंहितेचं निदानस्थान उघडा, अध्याय अकरावा. तिथे ‘मेदोज ग्रंथी’ भेटते. ती मोठी, स्निग्ध, फारशी न दुखणारी, पण खाजणारी. शरीर भरलं की वाढते, रोडावलं की लहान होते. फुटली तर तिळाच्या पेंडीसारखा, तुपासारखा मेद बाहेर येतो.

‘अरे, हा तर लिपोमा!’ असं म्हणायचा मोह होतो ना? थांबा. न दुखणं जुळतं, पण वजनाबरोबर लहान होणं जुळत नाही. फुटून पेंडीसारखं काही बाहेर येणं तर त्वचेखालच्या सिस्टला जास्त शोभतं. म्हणजे एका जुन्या नावाखाली आजचे दोन-तीन आजार एकत्र बसलेले असू शकतात.

यात ग्रंथकाराचा दोष नाही. रोमन लेखक सेल्ससच्या ग्रंथातही डोक्यावरच्या गाठींना मेलिसेरिस, अथेरोमा, स्टिएटोमा अशी नावं आहेत. आतला ऐवज मधासारखा, पेजेसारखा की चरबीसारखा, यावरून ती पडली. हाताशी डोळे, बोटं आणि सुरी एवढंच असेल तर वर्गीकरण त्यावरूनच होणार.

‘लिपोमा’ हा शब्द 1709 मध्ये फ्रान्समधल्या लित्र यांनी वापरल्याचं सांगितलं जातं. पण नाव मिळालं म्हणून भीती गेली नाही. 1821 मध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ काढली. ती साधी सिस्ट होती, तरी कूपर शस्त्रक्रियेला कचरत होते. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हतं. निरुपद्रवी गाठीपेक्षा जखम चिघळण्याचाच धोका मोठा होता. राजा वाचला आणि कूपर यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

पुढे सूक्ष्मदर्शक आला. रोग पेशींमध्ये शोधायचा, असं फिर्शो यांनी 1858 मध्ये ठामपणे मांडलं. आता प्रश्न ‘आत काय भरलंय?’ हा राहिला नाही. ‘ते कोणत्या पेशींचं बनलंय?’ असा झाला. 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या डर्कम यांनी चरबीच्या दुखऱ्या गाठींचं वर्णन केलं, म्हणजे ‘न दुखणारी’ हेही अटळ लक्षण उरलं नाही. 1995 मध्ये अनेक लिपोमांमध्ये बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची मोडतोड सापडली. आज त्याला एचएमजीए2 म्हणतात. नेहमीच्या चरबीच्या पेशीत आणि गाठीतल्या पेशीत फरक असतो, याचा हा ठोस धागा.

मावशीला मी शेवटी एवढंच सांगितलं: बहुतेक लिपोमा निरुपद्रवी असतात, काढायलाच हवेत असं नाही. पण गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल, कडक किंवा दुखरी असेल, खोलवर असेल, तर डॉक्टरांना दाखवायचीच. चरबीचा कॅन्सर दुर्मीळ असला तरी असतो, आणि तो नुसत्या हाताने चाचपून नक्की ओळखता येत नाही.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. जुन्या ग्रंथातलं कुठलंही रोगनाम घ्या, वहीत दोन रकाने पाडा: आजच्या आजाराशी काय जुळतं आणि काय जुळत नाही. पहिला रकाना सगळेच भरतात. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा दुसऱ्या रकान्यात सापडेल.