वीज आधी रेडिओवर बोलते

वळवाचे दिवस आले की मला वडिलांचा ट्रान्झिस्टर आठवतो. बांधावर मीडियम वेव्ह चालू असायची, डोक्यावर ऊन, आणि मधेच खर्र... कट्ट! वडील म्हणायचे, "ढग लांब आहे, पण त्यात वीज आहे. वैरण झाका." मला वाटायचं, सवयीचा अंदाज. पण हे तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं शास्त्र निघालं.

१८९५ साली रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी विजेची चाहूल घेणारं यंत्र केलं. काचेच्या नळीत धातूचा कीस, वर उंच तार. लांब कुठं वीज चमकली की तिच्या रेडिओ लहरी तारेवर येत, कीस एकमेकाला चिकटे, करंट वाहे आणि घंटी वाजे. घंटीचाच टोला नळीवर बसे, कीस सुटा होई, पुढच्या विजेला यंत्र तयार! त्याच उन्हाळ्यात ते सेंट पीटर्सबर्गच्या वनसंस्थेतल्या हवामान केंद्रात बसवलं. रेडिओवर गाणी लागायच्या कितीतरी आधी रेडिओनं वीज ऐकली ती अशी.

आता ढगात वीज तयार होते कशी? वर चढणाऱ्या हवेत बर्फाचे हलके कण आणि जड मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. इथवर बरंच कळलंय. कोडं पुढं आहे. जमिनीलगतच्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. उंचावर कमी लागतात, तरी ढगात फुगे सोडून मोजलं की आकडा गरजेपेक्षा बराच कमी भरतो. मग पहिली ठिणगी पाडतं कोण? काही जण बर्फाच्या टोकांकडे बोट दाखवतात, काही अवकाशातून येणाऱ्या कणांकडे. नेदरलँड्समध्ये आकाशाचा अभ्यास करायला उभारलेल्या 'लोफार'च्या हजारो अँटेनांनी विजेचा जन्मही ऐकला. आधी अगदी मंद लहरी, मग डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत झपाट्यानं वाढणाऱ्या. तरी कोडं पुरतं सुटलेलं नाही.

वीज कुठं झाली हे मात्र आता नेमकं कळतं. एकच लहर वेगवेगळ्या केंद्रांवर किंचित मागंपुढं पोचते. त्या फरकावरून जागा काढतात. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप अशाच सेन्सरच्या जाळ्यावर चालतं.

गडगडाट साधारण १५ किलोमीटरपलीकडं ऐकू येत नाही. रेडिओ लहर त्याच्या कितीतरी पुढं जाते. म्हणून सूचना आली आणि आभाळ शांत दिसलं, तरी "अजून एक सरी खुरपू" म्हणू नका. झाडाखाली नको, उघड्या शेडमध्ये नको. पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

खुरपं उद्याही चालवता येईल.