वाराची बाकी : नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे गणित

पोलादपूरकडचे कापडे डोंगरात आहे आणि मुरूडजवळचे नांदगाव समुद्रकाठी. आज दोन्ही गावे एकाच रायगड जिल्ह्यात मोडतात. या नांदगावी केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ असे दोन थोर ज्योतिषी होऊन गेले. शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हे आरंभवर्ष धरून गणेशांनी ‘ग्रहलाघव’ रचला. पुढे तीन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्रातील पंचांगे बहुतांशी त्याच्या आधारे होत असत. घाटाखालच्या खेड्यापाड्यांतील सणवार आणि लग्नमुंजी ज्या पंचांगावर ठरत, त्यामागे हे गणित होते.

जुन्या सिद्धांतग्रंथांची रीत मोठी कष्टाची होती. कलियुगाच्या आरंभापासून गेलेले दिवस, म्हणजे अहर्गण, आधी काढावयाचा. १५२० सालीच तो सुमारे १७ लाख होता. त्याला युगातील सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्यांनी गुणले की तेरा आकडी संख्या होई. मग तिला युगाच्या दिवसांनी भागावयाचे आणि आलेल्या पूर्ण फेऱ्या टाकून द्यावयाच्या! कारण ग्रह आज कोठे आहे हे उरलेला अंशच सांगतो. जे शेवटी टाकावयाचे, त्याच्यासाठीच सारी आटाआटी.

गणेशांनी ते ओझे आधीच उतरविले. त्यांनी ११ वर्षांचे एक चक्र कल्पिले आणि त्याचे ४०१६ दिवस धरले. झालेली चक्रे वेगळी मोजावयाची आणि अहर्गण चक्राच्या आतलाच ठेवावयाचा. वार काढण्याचा त्यांचा नियम असा : चक्रांची पाचपट करा, तीत अहर्गण मिळवा, सातांनी भागा आणि बाकी सोमवारपासून मोजा. बाकी शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार.

हे पाच कोठून आले? ४०१६ दिवस म्हणजे ५७३ आठवडे आणि वर ५ दिवस. पूर्ण आठवड्यांनी वार बदलत नाही. बदलतो तो या पाचांनी. समजा, चक्रे ४५ झाली आणि अहर्गण १००० आहे. ४५ ला ४०१६ नी गुणण्याचे कारण नाही. ४५ पंचे २२५, त्यात १००० मिळविले की १२२५. सातांनी भागता बाकी शून्य, म्हणून सोमवार. हा दिवस ९ ऑक्टोबर २०१७ चा, आणि त्या दिवशी सोमवारच होता. गुणाकार कितीही मोठा असो, त्याची बाकी गुणकांच्या बाक्यांवरूनच मिळते, हे त्यातले तत्त्व. जर्मनीत गाउस यांनी १८०१ साली या तत्त्वाला स्वतंत्र चिन्ह आणि शास्त्राचे रूप दिले; आपल्याकडचा जोशी तोवर पाटीवर ते रोज वापरीत होता.

वाराचा आणखी एक उपयोग असे. काढलेला वार प्रत्यक्ष वाराशी जुळला नाही, तर अहर्गणात एका दिवसाची चूक आहे असे समजून ती सुधारीत. बाकी ही अशी साक्षीदार होती. मात्र साक्षीदार विचारले तेवढेच सांगतो. सात दिवसांची चूक झाली तर वार मुकाट जुळतो!

ग्रहांच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक. ४०१६ दिवसांत सूर्याच्या ११ फेऱ्या होण्यास सुमारे १ अंश ४९ कला कमी पडतात. ही तूट, म्हणजे ध्रुव, चक्रांनी गुणून वजा करावयाची. वाराचे पाच पूर्णांक असल्याने ते कधीच ढळत नाहीत. ग्रहाच्या ध्रुवातील बारीक चूक मात्र प्रत्येक चक्राबरोबर वाढत जाते. त्यामुळे वार बरोबर आणि ग्रह आकाशात दुसरीकडेच, असे होऊ लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला, तेव्हा पुष्कळांना तो परंपरेवरचा घाला वाटला. परंतु पुढच्या गणकांनी वेध घेऊन गणित सुधारीत जावे, असे खुद्द केशव दैवज्ञांनीच लिहून ठेवले होते. ग्रंथ जपणे ही परंपरेची एक बाजू आहे. आकाशाकडे पाहून तो तपासणे ही तिची दुसरी, आणि तितकीच जुनी, बाजू आहे.